होमोसिस्टीन वाढलंय, म्हणजे नेमकं काय?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात क्लब हाऊसमध्ये झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते आपल्याच सोसायटीचे सभासद व निवृत्त फॅमिली डॉक्टर आहेत.)



पंचवीस वर्षं आपण एकाच गेटमधून जा-ये करतो आहोत. त्यातली बरीच वर्षं खालच्या दुकानांच्या ओळीत माझा दवाखाना होता. त्यामुळे इथे बसलेल्या निम्म्या लोकांचं ब्लडप्रेशर मला पाठ आहे. घाबरू नका, ते आज जाहीर करणार नाही.

विषय निवडायचं कारण सांगतो. गेल्या पावसाळ्यात आपल्याकडे रक्त तपासणीचं शिबिर झालं. एका पॅकेजमध्ये साठ-सत्तर तपासण्या. रिपोर्ट मोबाइलवर आले आणि पुढचे चार दिवस माझ्या घराची बेल वाजत होती. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड हे आता सगळ्यांनाच कळतं. पण बऱ्याच जणांच्या रिपोर्टमध्ये एक आकडा लाल अक्षरात होता आणि तो कशाचा हे कुणालाच माहीत नव्हतं. होमोसिस्टीन. कुणाचा २२, कुणाचा ३१, बी विंगमधल्या एका तरुण मुलाचा तर ५० च्या वर. त्याची आई रडवेली होऊन आली, "डॉक्टर, नेटवर लिहिलंय की हार्ट अटॅक येतो." दुसरीकडे एक काका म्हणाले, "आमच्या अख्ख्या मजल्याचं वाढलंय, म्हणजे ते नॉर्मलच असणार."

दोघांचंही चुकत होतं. कसं, ते आज बघू.

हा पदार्थ येतो कुठून?

नाव अवघड आहे, पण गोष्ट साधी आहे. आपण डाळ, दूध, अंडी, मासे, जे काही प्रथिनयुक्त खातो त्यात मिथिओनिन नावाचा घटक असतो. शरीर तो वापरतं आणि वापरताना मधल्या टप्प्यावर होमोसिस्टीन तयार होतं. म्हणजे ते बाहेरून आलेलं विष नाही. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या शरीरात ते रोज तयार होतं आणि रोज त्याची विल्हेवाटही लागते.

विल्हेवाटीचे मुख्य रस्ते दोन. एक, त्याचं पुन्हा मिथिओनिन करायचं. या कामाला फोलेट आणि व्हिटॅमिन बी-१२ लागतं. दुसरा, त्याचं सिस्टीन नावाच्या दुसऱ्या उपयोगी घटकात रूपांतर करायचं. त्याला बी-६ लागतं. आपल्या सोसायटीत ओला कचरा खताच्या खड्ड्यात जातो आणि सुका कचरा गाडीत जातो, तसंच हे. घंटागाडी आठवडाभर आली नाही की काय होतं ते आपण पाहिलंय. कचरा आपण नेहमीइतकाच करतो, पण डबे भरून वाहू लागतात. रक्तातलं होमोसिस्टीन वाढणं म्हणजे बहुतेक वेळा हेच. न्यायला माणूस नाही.

साधारण १५ मायक्रोमोल प्रति लिटरपर्यंतचा आकडा ठीक मानतात. १५ ते ३० ही मध्यम वाढ, ३० ते १०० त्याहून जास्त, आणि १०० च्या वर गेलं तर ते गंभीर. अशा वेळी जन्मजात दोष आहे का हे शोधावं लागतं.

हृदयाशी संबंध कसा जोडला गेला?

१९३२ मध्ये अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हिनो यांनी हा पदार्थ शोधला. पुढे १९५५ साली त्यांना नोबेल मिळालं. पण तीस वर्षं हा पदार्थ पुस्तकातच राहिला. १९६० च्या दशकात काही मुलांच्या लघवीत तो भरमसाट सापडू लागला. या मुलांना जन्मतःच एक दोष होता आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत कोवळ्या वयात गुठळ्या होत.

बोस्टनमधले एक पॅथॉलॉजिस्ट, डॉ. किल्मर मॅकली, यांनी हॉस्पिटलमधली जुनी प्रकरणं उकरून काढली. त्यात १९३३ साली पक्षाघाताने गेलेला एक आठ वर्षांचा मुलगा होता. आठ वर्षांचा! आणि त्याच्या मानेतल्या रक्तवाहिन्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासारख्या कडक झालेल्या. मग दोन महिन्यांच्या एका बाळाच्या रक्तवाहिन्या पाहिल्या, त्याही तशाच. दोघांमधला दोष वेगळा होता, समान गोष्ट एकच, वाढलेलं होमोसिस्टीन. १९६९ मध्ये मॅकलींनी मांडलं की हा पदार्थच रक्तवाहिनीला इजा करत असावा. तो कोलेस्टेरॉलचा जमाना होता. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही आणि पुढे त्यांना ती नोकरीही सोडावी लागली.

नंतर मात्र वारा फिरला. ज्यांचं होमोसिस्टीन जास्त, त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात, पायाच्या शिरांत गुठळ्या, उतारवयातला स्मृतिभ्रंश, हाडं मोडणं हे सगळं जास्त दिसतं, असे अभ्यास जगभरातून येऊ लागले. मग सगळ्यांना वाटलं, उपाय तर किती स्वस्त! बी-व्हिटॅमिनच्या गोळ्या द्या, आकडा खाली आणा, हार्ट अटॅक टाळा.

आणि इथे गाडी अडली

नुसतं वाटून चालत नाही, तपासून पाहावं लागतं. नॉर्वेमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ३,७४९ रुग्णांवर प्रयोग झाला. कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने ५,५२२ रुग्णांवर झाला. दोन्हींचे निकाल २००६ मध्ये आले. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरलं, अगदी ठरल्याप्रमाणे. पण हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. दुसऱ्या प्रयोगात पक्षाघात थोडे कमी दिसले, हृदयाला मात्र फायदा नाही.

पक्षाघाताबाबत चीनमधून २०१५ साली चांगली बातमी आली. २०,७०२ ब्लडप्रेशरच्या रुग्णांपैकी निम्म्यांना नुसती प्रेशरची गोळी दिली आणि निम्म्यांना प्रेशरच्या गोळीबरोबर फॉलिक अॅसिड. पहिल्या गटात ३.४ टक्के लोकांना पक्षाघात झाला, दुसऱ्यात २.७ टक्के. पण लक्षात घ्या, प्रेशरची गोळी दोन्ही गटांत चालू होती. हे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे.

मेंदूबाबत ऑक्सफर्डचा एक अभ्यास आहे, २०१० चा. सत्तरीपुढचे, स्मृती थोडी कमी होऊ लागलेले लोक. दोन वर्षं बी-व्हिटॅमिन्स घेतलेल्यांच्या मेंदूचा आकार कमी होण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला, आणि ज्यांचं होमोसिस्टीन मुळात जास्त होतं त्यांना जास्त फायदा झाला.

तर आजचा निष्कर्ष मी असा सांगतो. आपल्या पंपरूममध्ये पॅनेलवर लाल दिवा आहे. तो लागला की आपण दिवा काढून टाकत नाही, वॉचमनला सांगतो, बघ रे, मोटरला काय झालं. होमोसिस्टीन हा तसा दिवा आहे. तो का लागला हे शोधायचं.

आपल्याकडे तो का लागतो?

याचं उत्तर शोधायला परदेशात जायला नको. आपल्या पुण्यातच, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांनी मध्यम वयाचे ४४१ पुरुष तपासले. काही खेड्यांतले, काही झोपडपट्टीतले आणि काही शहरातले मध्यमवर्गीय. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकंदर ६७ टक्के लोकांमध्ये बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन १५ च्या वर. आता फक्त शहरी मध्यमवर्ग बघा, म्हणजे तुम्ही-आम्ही. बी-१२ कमी ८१ टक्क्यांत, होमोसिस्टीन जास्त ७९ टक्क्यांत!

फोलेटची कमतरता मात्र फार थोड्यांत होती. साहजिक आहे, वरण, उसळी, पालेभाजी आपल्या ताटात असते. अडचण आहे ती बी-१२ ची. शाकाहारी लोकांत ते कमी असण्याचा धोका ४.४ पट आढळला.

म्हणून आमच्या मजल्याचं सगळ्यांचंच वाढलंय म्हणणाऱ्या काकांचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला. सगळ्यांच्या घरी गळती असली म्हणजे गळती नॉर्मल ठरत नाही.

बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते सूक्ष्मजीव करतात. आपल्यापर्यंत ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून पोचतं. दिवसाची गरज अगदी किरकोळ, सुमारे दोन मायक्रोग्रॅम. अर्धा लिटर दुधातून साधारण तेवढं मिळू शकतं. पण अर्धा लिटर पितो कोण? चहात घातलेलं दोन चमचे दूध कृपया हिशेबात धरू नका.

आणि खाल्लं तरी ते शोषलं जायला हवं. त्यासाठी जठरातलं आम्ल लागतं आणि जठरातच तयार होणारं एक खास प्रथिन लागतं. वय वाढतं तसं हे दोन्ही कमी होऊ शकतं. शिवाय मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी आणि अॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ चं शोषण घटतं. हात वर करायला सांगत नाही, पण इथल्या किती घरांत या दोन्ही गोळ्या एकाच डबीत आहेत, हे मला ठाऊक आहे.

माझ्या घरातली गोष्ट

आता जे सांगणार आहे ते आजवर मी कुणाला जाहीरपणे सांगितलेलं नाही.

माझ्या आईला तुमच्यापैकी जुन्या लोकांनी पाहिलंय. ए विंगच्या जिन्याशी संध्याकाळी बसायची. पूर्ण शाकाहारी, उपास भरपूर, शेवटी शेवटी दूधही नकोसं झालेलं. मधुमेह होता, मेटफॉर्मिन चालू होती, अॅसिडिटीची गोळी मीच सुरू केलेली. एक दिवस म्हणाली, "अरे, तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, "शुगर आहे ना, होतं तसं." काही महिन्यांनी म्हणाली, "अंधारात पाऊल कुठे पडतं ते कळत नाही." भिंत धरून चालायची. मग गॅस चालू राहायला लागला, देवापुढे दोनदा दिवा लावायला लागली. मी बायकोला म्हटलं, "वय झालंय, आता असंच."

दिवसाला चाळीस पेशंट बघणारा डॉक्टर मी. कुणी दुसऱ्याच्या आईने हेच सांगितलं असतं तर मी चार प्रश्न विचारले असते. घरच्या माणसाचं बोलणं आपण अर्धवट ऐकतो.

आई बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं. तिथल्या एका तरुण डॉक्टर मुलीने मला अगदी अदबीने विचारलं, "सर, यांचं बी-१२ कधी केलं होतं?" कधीच नाही. केलं तेव्हा ते तळाला गेलेलं होतं आणि होमोसिस्टीन ६० च्या पुढे. इंजेक्शनं सुरू केली. दोन महिन्यांत होमोसिस्टीन खाली आलं. तिचं बोलणं पुष्कळ सुधारलं, पुन्हा पेपर वाचू लागली. पण पायांची संवेदना परत आली नाही. मज्जातंतूंची इजा फार दिवस राहिली तर ती कायमची होते. शेवटची सहा वर्षं ती काठीवर चालली. दोन वर्षं आधी, काही शे रुपयांची एक तपासणी मी केली असती तर ती काठी लागली नसती, असं मला आजही वाटतं.

आणि दुसरं टोक

आपल्याच कॉम्प्लेक्समधले एक गृहस्थ आहेत. त्यांनी परवानगी दिली म्हणून सांगतो, नाव सांगणार नाही. शिबिरात त्यांचं होमोसिस्टीन २८ आलं. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला मजकूर वाचला की कोलेस्टेरॉल, प्रेशर सगळं थोतांड आहे, खरा शत्रू होमोसिस्टीन. त्यांनी महागड्या कॅप्सूल मागवल्या आणि प्रेशरची गोळी बंद केली. दीड महिन्याने सकाळी गेटपाशी उभे असताना त्यांचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात पडला. वॉचमनने प्रसंगावधान दाखवलं, वीस मिनिटांत ते हॉस्पिटलमध्ये होते, म्हणून आज ते इथे मागच्या रांगेत बसलेत. तेव्हा त्यांचं प्रेशर १९० च्या वर होतं आणि होमोसिस्टीन मात्र १४ वर आलेलं. अगदी नॉर्मल!

चीनच्या अभ्यासातलं ते वाक्य आठवा. प्रेशरची गोळी दोन्ही गटांत चालू होती. हृदयासाठी प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू बंद आणि चालणं हे आधी. होमोसिस्टीन त्यानंतर, त्याच्या जागी नाही.

मग आपण काय करायचं?

पहिलं, तपासणी नीट व्हावी. रक्त उपाशीपोटी द्या. रक्त काढल्यावर नळी बर्फात ठेवून तासाभरात पेशी वेगळ्या कराव्या लागतात. नाहीतर रक्तपेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा उगाचच फुगतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा तुमच्यानंतर आणखी दहा घरं फिरणार असेल तर आकड्यावर विसंबू नका.

दुसरं, आकडा खरोखर जास्त असेल तर बी-१२ तपासा. त्याबरोबर थायरॉइड आणि क्रिएटिनिनही बघा, कारण थायरॉइड कमी असणं आणि मूत्रपिंड मंदावणं यांनीही होमोसिस्टीन वाढतं. सिगारेटनेही वाढतं. फिटची काही औषधं आणि मेथोट्रेक्सेटनेही वाढतं. कुणाकुणात जनुकातल्या एका फरकामुळे वाढतं. बी विंगमधल्या त्या मुलाचं बी-१२ अगदीच कमी होतं. उपचारानंतर तीन महिन्यांत तो १३ वर आला.

तिसरं, स्वतःच्या मनाने नुसतं फॉलिक अॅसिड सुरू करू नका. त्याने रक्तातला पांडुरोग सुधारतो, रिपोर्ट छान दिसतो आणि आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. आधी बी-१२ पाहा. तसंच बी-६ जास्त मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच हातापायांना मुंग्या येऊ शकतात. व्हिटॅमिन आहे, काय बिघडतंय, असं नसतं.

चौथं, बी-१२ कमी असेल तर उपचार अगदी सोपा आहे. इंजेक्शन किंवा गोळ्या, डॉक्टर ठरवतील. शोषण कमी असलेल्यांनाही मोठ्या मात्रेच्या रोजच्या गोळीतून पुरेसं मिळू शकतं. फक्त कारण कायम असेल तर औषध पुढेही चालू ठेवावं लागतं.

आणि पाचवं, ज्या घरात सून किंवा मुलगी आई होणार आहे तिथे हे विसरू नका. पुण्यातल्याच अभ्यासांत आईचं होमोसिस्टीन जास्त असेल तर बाळ लहान जन्माला येण्याशी त्याचा संबंध दिसलाय. लोह आणि फॉलिक अॅसिड सगळेच देतात, बी-१२ बद्दल तुम्ही विचारा.

तुम्ही विचारलेले प्रश्न

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, दोन-तीन घेतो.

"आमचे आजोबा शाकाहारी होते, नव्वद वर्षं जगले. त्यांना कुठे काय झालं?" आनंद आहे. पण त्यांचं कुणी मोजलं नव्हतं. त्या काळी बरेच आजोबा-आजी भिंत धरूनच चालत, आपण त्याला म्हातारपण म्हणत होतो.

"मग आम्ही मांसाहार सुरू करायचा का?" मी असं म्हटलेलं नाही. माझ्या घरी आजही फक्त शाकाहार आहे. दूध-दही नियमित घ्या, वर्षातून एकदा तपासा, कमी असेल तर गोळी घ्या. धर्म मोडत नाही आणि तब्येतही मोडत नाही.

"स्पिरुलिनात बी-१२ असतं असं पाकिटावर लिहिलंय." त्यातलं बहुतेक बी-१२ माणसाला उपयोगी पडणाऱ्या प्रकारचं नसतं. त्यावर अवलंबून राहू नका.

शेवटी

या पंचवीस वर्षांत आपण दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, लिफ्ट बदलल्या, पाइपलाइन बदलली. ओल भिंतीवर दिसली की लगेच मीटिंग बोलावतो. घरातलं म्हातारं माणूस मात्र तळवे बधिर झालेत म्हणालं, की आपण "वय झालं" म्हणून पुढे जातो. माझी एवढीच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना दोन प्रश्न विचारा. पायाला जमीन नीट लागते का? अंधारात तोल जातो का? उत्तर येईपर्यंत थांबा आणि ते पूर्ण ऐका.

दवाखाना बंद केला असला तरी संध्याकाळी सहानंतर मी कट्ट्यावर असतो. रिपोर्ट घेऊन या. फी म्हणून चहा चालेल, त्यात दूध जरा जास्त घाला.